घळीत उतरण्याआधीचा फोन

हवामान कार्यालयाचं दार धाडकन उघडलं आणि नखशिखान्त भिजलेला एक माणूस आत शिरला. खांद्यावर दोराचं वेटोळं, बुटांतून पचपच पाणी, आणि चेहऱ्यावर... राग की हसू, अंदाजाच्या टेबलाशी बसलेल्या तिला कळेना.

“आज हवामान कोरडं, असं कुणी सांगितलं?”

“मी.” तिने पेन वर केलं.

त्याने शर्टाचं टोक पिळलं. “मग हे काय?”

“घाम असेल,” ती बोलून गेली, आणि लगेच जीभ चावली.

तो खो खो हसला. ती खाली मान घालून कागद चाळत राहिली, पण एकही आकडा डोळ्यांत शिरेना.

वाळवंटातल्या घळींमध्ये तो हौशी लोकांना दोरावरून उतरवायचा. सगळे त्याला दोरवालाच म्हणत. हात पसरले की दोन्ही बाजूंचे कडे हाताला लागावेत इतक्या त्या घळी अरुंद. तिथे डोक्यावर ऊन असलं तरी दूरच्या डोंगरात ढग फुटला की दोन तासांत लोंढा येई. म्हणून रोज सकाळी सहाला तो तिला फोन करू लागला. आधी दोन मिनिटं... मग दहा... मग पंधरा.

“हल्ली कामावर जायची भलतीच घाई असते गं तुला!” ताई म्हणायची.

त्या सकाळी त्याने विचारलं, “हवामानबाई, डोंगराकडे काय म्हणतंय आभाळ? आणि – संध्याकाळी मोकळ्या आहात का?”

तिच्या काळजाचा ठोका चुकला. पुढ्यात रडारचं चित्र होतं ते पहाटे चारचं. नवं उघडायला एक क्षण लागला असता.

“निरभ्र,” ती म्हणाली. “आणि... हो. मोकळी आहे.”

तासाभराने नवं चित्र उघडलं तेव्हा डोंगरावर ढगाचा पांढराशुभ्र गोळा दिसत होता. तिने फोनवर फोन लावले. घळीत कुठली रेंज! मग तिने बचाव पथकाला कळवलं.

लोंढा आला. दोरवाल्याने पाच जणांना एकेक करून कपारीवर ढकललं. शेवटच्या मुलीचा पाय सुटला, तिला धरताना त्याचा खांदा निखळला. पण सगळे वाचले.

आणि गावाने तिला डोक्यावर घेतलं! पथकाला वेळेवर कळवलं म्हणून. त्या मुलीच्या आईने तिचे हात डोळ्यांना लावले, “तुमच्यामुळे माझी लेक परत आली हो.” तिला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. हात मात्र तिने सोडवून घेतले नाहीत.

ताई इस्पितळात नर्स होती. “तो दिवसभर दाराकडे बघत असतो,” ती चार दिवस सांगत होती. हिचे पाय उचलत नव्हते.

पाचव्या दिवशी साहेबांनी चौकशीचा कागद वाचून दाखवला. दोरवाल्याने लिहून दिलं होतं – ‘फोन केला, पण गप्पा मारत बसलो. हवामान विचारायचं राहून गेलं. चूक माझी.’ त्याचा परवाना रद्द होणार होता.

तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. “खोटं आहे, साहेब,” ती उभी राहिली. “त्याने विचारलं होतं. मी जुनं चित्र बघून सांगितलं. लिहून घ्या.”

लिहून घेतलं गेलं. तिला अंदाजाच्या टेबलावरून उचलून जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलं. त्याचा परवाना राहिला.

त्याच दुपारी तो गळ्यातल्या झोळीत हात अडकवून त्या खोलीच्या दारात उभा राहिला. “मी खोटं बोललो ते कशासाठी? अशी माती करायला?”

“मला विचारून बोलला होतास?” ती भिंतीकडे बघत म्हणाली. तिने त्याला ‘तू’ म्हटलेलं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. “लोक हात जोडत होते मला... आणि मी जोडू देत होते! तू तिकडे मोडून पडलेला, आणि मी भेटायलासुद्धा आले नाही.”

त्याने गळ्यातली झोळी सावरली.

“रागावलो होतो मी,” तो म्हणाला. “खांद्यात कळ आली की तुझ्या नावाने शिव्या घातल्या. मग दाराचा आवाज झाला की वाटायचं, तू आलीस... आणि राग कुठे जायचा कोण जाणे. शिव्या घातल्या तेही तुझ्यावर जीव होता म्हणूनच.”

तिचे डोळे भरून आले. “माझाही आहे रे. पण मला तुझ्याकडे बघवत नाही.”

“नको बघूस.” त्याने पायाने दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी, तिच्यासारखाच भिंतीकडे तोंड करून बसला. “सरक जरा. या बाजूचा खांदा शाबूत आहे.”

ती सरकली... आणि हळूच डोकं टेकलं.