मृत्युपत्रातली अट

पहिल्या भेटीत इंदू चक्क झोपलेली होती.

सौंसरच्या तहसीलसमोर, शिलाई मशीनच्या दुकानावरच्या माडीत दोन वकिलांच्या दोन खोल्या आहेत आणि बाहेर एकच बाकडं. नवरा गौतम गेल्यावर वारसाचे कागद करायला ती रामाकोन्याहून आली, दमून त्या बाकड्यावर टेकली, आणि टेकताच डोळा लागला. जाग आली तेव्हा समोर एक सडसडीत माणूस उभा. काळा कोट हातावर.

“तुमचे वकील तर नागपूरच्या बसनं गेले,” तो म्हणाला.

“अन् तुम्ही उठवलं नाही?”

“उठवणार होतो... पण अशा झोपल्या होत्या तुम्ही, का मी माझ्या पक्षकारांलेच म्हटलं, हळू बोला.”

इंदूला हसू आलं. गौतम गेल्यापासून संत्र्याची वाडी तीच पाहत होती. विजेची लाइन येईल तेव्हा पाण्याची मोटर, सकाळी मजूर, दुपारी सासऱ्यांची औषधं. हिला जरा झोपू द्यावं, असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि हा परका माणूस तिच्यासाठी कुजबुजत वकिली करत बसला होता!

त्याचं नाव सुमेध. रोज पांढुर्ण्याहून येणारा. इंदूचे कागद मग त्याच्याकडेच आले. कागदांचं काय, कधी सही राहते, कधी साहेब रजेवर. पण सुमेध बरंचसं स्वतःच निस्तरायचा, आणि तरी इंदू यायचीच.

“इतक्या दूर काहून येता? फोनवर सांगितलं असतं मी.”

“फोनवर बाकडं नाही न.”

“मग बाकडंच घेऊन जा घरी.”

“नुसत्या बाकड्यानं काय होते...” ती बोलून गेली आणि जीभ चावली. सुमेध उगाच टेबलावरचे कागद सारखे करू लागला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

पुढे कागद झाले आणि यायला निमित्त उरलं नाही. निमित्त दिलं ते सासऱ्यांनीच. श्रावणबाबांना मृत्युपत्र करायचं होतं. “आपण गेल्यावर पोरीले कोणी वाडीतून हुसकू नये,” असं त्यांचं म्हणणं. ते झडीच्या दिवसांत, भिजलेली छत्री सांभाळत, इंदूला घेऊन माडी चढले.

सौंसर मध्य प्रदेशात, त्यामुळे मसुदा हिंदीत होता. बाबांना समजावा म्हणून सुमेध तो मराठीत सांगत होता. स्वकष्टाची वाडी, अर्धी धाकटा मुलगा मनोहर याला, अर्धी सून इंदू हिला. मग तो अडखळला.

“मात्र... सुनेनं पुन्हा लग्न केलं तर तिचा हिस्सा मनोहरकडे जाईल.”

ही अट मनोहरची. तो बोरगावच्या कारखान्यात नोकरीला. वाडी परक्या घरात जायला नको, असं त्यानं बाबांच्या कानाला लागून सांगितलं होतं. बाबांनाही त्यात वावगं वाटलं नव्हतं, सगळेच तसं लिहितात. इंदू खिडकीतून पाऊस पाहत राहिली. म्हणजे इतकं राबायचं, ते जन्मभर एकटं राहण्याच्या बोलीवर?

सुमेधनं पेनाला टोपण लावलं.

“बाबा, हे मृत्युपत्र मले नाही करता येत. दुसऱ्या वकिलाकडे जा.”

“काहून? कायद्यात बसत नाई का?”

“बसते.”

“मंग?”

“अट काढा म्हटलं, तर ते मी माझ्याच फायद्याचं सांगून राहिलो असं होईल. अन् गुपचूप लिहावी, तर हात धजत नाही... तुमच्या सुनेवर माझा जीव आहे, बाबा.”

इंदूचा चेहरा तापला. श्रावणबाबांनी काठी उचलली, दाराशी गेले, थांबले.

“इंदू, मी खाली च्या सांगतो. तू ये मागून.”

काठीचा आवाज जिना उतरून गेला, तशी इंदू फिरली.

“मले सोडून मामाजींले सांगितलं?”

“पक्षकार आहेत ते माझे. त्यांच्यापासून लपवता येत नाही.”

“अन् माझ्यापासून?”

“तुमच्यापासून... लपलं होतं का?”

नव्हतंच लपलं. तिनं नजर वळवली. पण मन अजून धास्तावलेलं होतं.

“मामाजींनी अट नाही काढली तर? माझ्या हाती काहीच राहणार नाही. रिकाम्या हातानं येईन मी.”

“अट कागदावर असतानाच बोललो न मी?”

तिला रडू आलं. किती दिवसांचं साचलेलं होतं कोण जाणे. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, “मी लई थकली, सुमेध. नव्या नवरीवाणी लाजणं-हसणं आता नाही जमत मले.”

“नका लाजू. मोटर मलेही सुरू करता येते,” तो हळूच म्हणाला.

त्यावर मात्र ती हसली, रडता रडता. “मग रविवारी या रामाकोन्याले. अन् स्टँडपासून पायी या. सगळ्या गावाले पाहू द्या.”

खाली टपरीवर श्रावणबाबा दोन कप पुढ्यात घेऊन बसले होते. तिचे डोळे पाहून त्यांनी ओळखलंच असणार, तरी विचारलं, “काय म्हनते वकील?”

“रविवारी घरी येतो म्हणते,” ती मान खाली घालून म्हणाली.

बाबांनी बशीत चहा ओतला. गेलेल्या पोराची आठवण झाली असावी. मग त्यांनी चहा संपवला.

“मंग उद्याच दुसऱ्या वकिलाकडं जाऊ. रविवारच्या आधी ते अट काढून टाकू,” ते म्हणाले. “नाई तं लोक म्हनतीन, जावयानं काढाले लावली.”