नीलगिरीवरची वेणी

"रानटी ऑर्किड! जंगलात जशी उगवतात, अगदी तशीच!" रिसॉर्टचा मॅनेजर सुदर्शन ओरडला. जीपमधून उतरलेल्या पाहुण्यांनी पटापट मोबाईल वर केले.

रस्त्याकडेच्या झाडावर, बरोबर डोळ्यांसमोर, सीतेची वेणी लोंबत होती. पांढऱ्या-गुलाबी फुलांचा भरगच्च घोस!

समृद्धी मात्र फुलांकडे नाही, झाडाकडे बघत होती.

"हर्षे, हे झाड कसलं गं?"

"नीलगिरी. का?" म्हणता म्हणता तिची मामेबहीण हर्षाली थबकली. "अगं बाई!"

"काय अगं बाई? मला पण सांगा की!" मंचरहून त्यांच्याकडे सुट्टीला आलेला कल्पेश मध्ये घुसला.

"शहाण्या, नीलगिरीची साल दरवर्षी सोलून पडते. वेणी सालीला मुळांनी धरून बसते, वर्षानुवर्षं. इथं ती टिकेलच कशी?" समृद्धी म्हणाली.

"आणि झऱ्यावरच्या हिरड्याची वेणी परवापासून गायब आहे," हर्षाली कुजबुजली. "आपण उगाच वानरांना शिव्या घातल्या!"

दर सुट्टीत आल्या आल्या समृद्धी त्या वेणीला भेटायला धावायची. तीच वेणी इथे उन्हात! मुळं आत्ताच सुरकुतली होती. आणखी एक-दोन दिवस, की संपलं.

ती पुढे निघाली, तोच पाहुण्यांची जीप चालवणाऱ्या गेणूमामाने तिचा दंड धरला.

"गप ऱ्हा, समे! माझी जीप त्यांच्याकडं लागलीय. सायेब चिडला तर घरी बसावं लागंल मला."

"मग मरू दे तिला?"

मामाने दंड आणखी घट्ट धरला.

"मामा, तू नंतर काय रागवायचं ते रागव!" तिने हात सोडवून घेतला आणि कल्पेशला डोळ्याने खुणावलं.

"काका, तुमचा एक फोटो!" कल्पेश सुदर्शनपुढे उभा. "असे मागं या. अजून मागं... लई भारी दिसताय राव!"

सुदर्शन केस सावरत मागे मागे गेला. समृद्धीने खोडावरचं शेवाळ अलगद उचललं. खाली हिरवी सुतळी! चांगली तीन पदरी, गच्च गाठ मारलेली.

"बघा! जंगलात ऑर्किडला सुतळीनं बांधतात का?"

पाहुण्यांत खसखस पिकली. सुदर्शन धावत आला.

"ए, हात काढ! गावची पोरं नुसती आगाऊ! यांनीच बांधलं असणार!"

"आम्ही?" समृद्धी ताठ उभी राहिली. "नक्की आम्हीच ना?"

"हो! तुम्हीच!"

"मग आमचंच आम्ही सोडून नेतो! हर्षे, गाठ सोड!"

एका पाहुण्या काकूंनी सगळं मोबाईलवर टिपलं होतं. त्यांनी थेट वनखात्याला फोन लावला.

वनरक्षक आले, तेव्हा वेणी झऱ्यावर पोचली होती आणि गेणूमामा हिरड्यावर! मागोमाग पाहुणे आणि सुदर्शनही तिथे आले होते. मामीच्या जुन्या पातळाच्या ओल्या चिंध्यांनी तो तिला जुन्याच जागी बांधत होता. वनरक्षकांनी आधी फांदीवरचे ताजे ओरखडे पाहिले, मग ती सुतळी, मग सुदर्शन.

"चला, ऑफिसात बोलू," ते सुदर्शनला म्हणाले. मग मुलांकडे वळले. "शाब्बास रे! आम्ही इथूनच जातो-येतो, पण वेणी गेल्याचं आमच्या ध्यानात आलं नाही."

"पण इतक्या उंचावर फोटो कसा येणार?" एक पाहुणा कुरकुरला.

"मग नका काढू!" समृद्धी फटकन म्हणाली.

वरून मामा खो खो हसला. "भाची हाय माझी! जीप काय, दुसरीकडं बी लागंल!"

खाली सगळे माना वर करून वेणीकडे बघत राहिले.