तीनदा ‘नक्की?’

कॅन्टीनमध्ये एकच खुर्ची रिकामी होती, आणि तीही नेमकी त्याच्यासमोर. नवी सर्जन चहा घेऊन टेकली आणि कप अर्धा व्हायच्या आत त्या अनोळखी माणसापुढे मन मोकळं करू लागली.

“तो तारवाला डॉक्टर आहे ना... मांडीतून तार नि नळी घालणारा! परवा पहिल्यांदाच त्याच्याबरोबर काम केलं. सारखं आपलं – नक्की? नक्की? नक्की? जीव खाल्ला नुसता!”

“अरेरे,” तो गालातल्या गालात हसला. “दिसायला तरी बरा आहे का?”

“टोपी, मास्क, तो जाडजूड चष्मा... दिसतंय काय डोंबल!”

चहा रोजचाच झाला. तो कुठल्या विभागात आहे हे विचारायचं राहूनच गेलं. त्याचं हसू बघण्यात तिचा सगळा वेळ जाई.

मग गाणं शिकवणाऱ्या एक बाई रुग्ण म्हणून दाखल झाल्या. हृदयातून निघून कमानीसारखी वळणारी त्यांची महाधमनी फुगली होती. आधी हिने मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताला मानेतून नवी वाट शिवून द्यायची, मग तारवाल्याने आतून जाळीची नळी उघडून फुगवटा झाकायचा. त्यात जुन्या वाटा कायमच्या बंद होणार होत्या. हिचा टाका चुकला, तर बाईंचा आवाजच काय, जीवही जायचा.

शेवटचा टाका पडला.

“नवी वाट वाहतेय? नक्की?” मास्कमागून प्रश्न आला.

“नक्की.”

“नक्की?”

तिने बाईंच्या मानेतली नाडी पुन्हा चाचपली. “नक्की.”

“नक्की?” या वेळी चष्म्यामागचे डोळे किंचित हसले... अगं बाई, हे तर तेच हसू! तिचे कान तापले. पण बोट नाडीवरून हललं नाही.

“नक्की,” ती म्हणाली, आणि त्याने जाळी उघडली.

दुसऱ्या दिवशी बाई डोळे उघडून पुटपुटल्या, “हे यंत्र किती बेसूर वाजतंय!” ती हसत हसत, डोळे पुसत कॅन्टीनमध्ये आली. तो दोन चहा घेऊन उभाच होता.

“सांगितलं का नाही मला?”

“तुम्ही समोर बसायचं बंद केलं असतं.”

“आणि तीनदा का विचारता हो?”

“जाळी एकदा उघडली की परत मिटवता येत नाही... म्हणून.”

तिने त्याच्या हातातून एक कप घेतला. मग सगळा धीर गोळा करून म्हणाली, “मला तुम्ही आवडता.”

त्याने आपला कप खाली ठेवला. “न...”

“नक्की. नक्की. नक्की!”