फिटिंगच्या खोलीतलं टेबल

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात, असं ज्यांना वाटतं त्यांना ही गोष्ट खोटी वाटेल.

ही भर दुपारी घडली. मंगळवारी, सव्वातीन वाजता. लख्ख उजेडात, अकरा माणसांच्या देखत.

ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे धाकटे काका. दुकानं, ऑफिसं आतून नवी करून द्यायची कामं ते घेतात. भिंतीवर दोन टिचक्या मारून मागे वीट आहे की पोकळी, ते सांगणारा माणूस. भूतबीत विचारलं की म्हणायचे, "भूत परवडलं, पण बिल बुडवणारं गिऱ्हाईक नको."

आता असं म्हणत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी काकांना आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. शहरातलं सगळ्यात जुनं कापड दुकान. चौकाच्या कोपऱ्यावर, चार मजली. पत्ता सांगताना लोक नुसतं "दुकानापासून डावीकडे" म्हणतात आणि कुठलं दुकान, हे कोणी विचारत नाही. मालकीणबाई तिसऱ्या पिढीच्या. त्यांना सगळं नवं हवं होतं. काचा, दिवे, सरकता जिना. दुकान नव्वद दिवस बंद. एक्क्याण्णवाव्या दिवसापासून रोजचा दंड.

काम हातचं जाऊ नये म्हणून काकांनी भाव कमी लावला. वर राहतं घर गहाण टाकलं.

काकू एवढंच म्हणाली, "त्यांचं दुकान नटायचं आणि आपलं घर उठायचं, असं नको व्हायला."

चाळिसाव्या दिवशी तेच व्हायची चिन्हं दिसू लागली. जुन्या इमारतीचं पोट फाडलं की काय काय बाहेर पडतं! वायरी कुजलेल्या. तुळया वाळवीने खाल्लेल्या. एक फरशी काढली की खालच्या तीन बदलाव्या लागायच्या. एस्टिमेटमध्ये राखून ठेवलेली रक्कम कधीच संपली होती.

आणि मग तिसऱ्या मजल्यावर ती खोली सापडली.

नकाशात ती नव्हती. प्लायवूडची एक भिंत पाडली, तर मागे लांबट खोली. खिडकी नाही. आत फक्त एक टेबल.

बारा फूट लांब. एकसंध लाकडाचं. कडेला पितळी पट्टी, तिच्यावर इंचांच्या खुणा.

काकांबरोबर मिस्त्री होते. मिस्त्री म्हणजे काकांचा उजवा हात. वीस वर्षं एकत्र काम. वयाने काकांपेक्षा मोठे, पण हाक मारायचे "भाऊ".

मिस्त्रींनी टेबलावर बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं.

"भाऊ… याच्यावर धूळ नाही."

खोली किती वर्षं बंद होती देव जाणे. जमिनीवर धुळीचा थर होता. भिंतींवर जाळी होती. टेबल मात्र स्वच्छ.

"आत्ता भिंत पाडली ना, उडाली असेल," काका म्हणाले.

"धूळ पाडापाडीत बसते भाऊ. उडत नाही."

मालकीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आजोबांच्या वेळी तिथे कटिंग मास्तर बसायचे. गिऱ्हाइकाचे कपडे तिथेच फिटिंगला जायचे. टेप न लावता, नुसत्या नजरेने माप घ्यायचे म्हणतात. तयार कपडे आले, तसं ते बंद केलं."

"आणि मास्तर?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या आणि टाइल्सचे नमुने बघू लागल्या.

पहिली खूण दुसऱ्या दिवशी दिसली.

दुपारी सगळे डबे उघडून बसले होते. वायरमनने रंगाऱ्याच्या पायाकडे बोट दाखवलं. उजव्या गुडघ्याच्या खाली, पँटवर, एक पांढरी रेघ. सरळ. बारीक. शिंपी चपट्या खडूने मारतो तशी.

"काय रे, पँट आखूड करतोयस का?"

सगळे हसले. रंगाऱ्याने थुंकी लावून ती पुसली.

चारच्या सुमारास तो शिडीवरून पडला. उंची फार नव्हती, चार पायऱ्या. पण पाय मोडला.

गुडघ्याच्या खाली. रेघ होती तिथेच.

योगायोग, काका म्हणाले. दवाखान्याचं बिल भरलं. नवा रंगारी आणला, तो जास्त मजुरी मागू लागला.

त्या आठवड्यात आवाज सुरू झाला.

जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद असायची. माणसं खाली असायची. आणि वरच्या मजल्यावरून…

कच्… कच्… कच्…

मोठी कात्री जाड कापडातून चालते तसा. घाई नाही. मध्येच थांबायचा. कोणी श्वास घेऊन पुढचं माप बघावं, तसा.

मग पुन्हा. कच्…

वर गेलं की काही नाही. टेबल. स्वच्छ.

पंधरा दिवसांनी वायरमनच्या मनगटाला काच लागली. खिडकीची काच बसवणाऱ्यांना हात देताना ती निसटली. सात टाके पडले. त्या सकाळी त्याच्या बाहीवर गोल पांढरी रेघ होती, हे त्यानेच रडत रडत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्याच्यामागे आणखी चौघे गेले.

मिस्त्रींनी काकांना बाजूला घेतलं.

"भाऊ, ती भिंत होती तशी पुन्हा उभी करू. टेबल राहू दे आत."

"खोलीचं माप मालकीणबाईंच्या नव्या नकाशात धरलंय, मिस्त्री."

"मग जागेवरच कापतो. तुकडे करून नेऊ."

काकांना ते नको होतं. कारण आदल्याच दिवशी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन टेबल बघून गेला होता. मालकीणबाईंनी "ते तुमचं, घेऊन जा" म्हटलं होतं. व्यापाऱ्याने जी रक्कम सांगितली, तिच्यात वीस दिवसांचा दंड निघत होता. अट एकच. टेबल अखंड हवं.

"अखंडच न्यायचंय," काका म्हणाले.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. वीस वर्षांत कधी घातला नव्हता.

तो मंगळवार उजाडला. पंच्याऐंशीवा दिवस. टेबल दारातून जाईना, म्हणून चौकट काढली. नऊ हमाल लावले. नऊ जणांनी मिळून ते जेमतेम वीतभर उचललं.

"एवढं जड लाकूड मी पाहिलं नाही," मिस्त्री म्हणाले. "खाली कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतंय."

कसंबसं ते जिन्यापर्यंत आणलं आणि खाली सोडायला दोरखंड बांधला. ठरलं असं, की मिस्त्री पुढे उतरतील, वळणावर उभं राहून दिशा सांगतील. काका त्यांच्याही खाली, दुसऱ्या मजल्यावर.

मिस्त्री वळले आणि उतरू लागले.

आणि काकांना त्यांची पाठ दिसली.

निळ्या शर्टावर… एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत…

पांढरी रेघ.

काका सांगतात, त्या वेळी त्यांच्या डोक्यात तीन गोष्टी आल्या. व्यापाऱ्याचा टेम्पो खाली उभा आहे. हमालांचे पैसे तासावर आहेत. आणि आज सांगितलं, तर मिस्त्री घरी जातील, मिस्त्री गेले की सगळे जातील.

ते पुढे झाले आणि त्यांनी मिस्त्रींच्या पाठीवरून हात फिरवला. एकदाच. डावीकडून उजवीकडे.

"काय हो भाऊ?"

"काही नाही. धूळ."

रेघ पुसली गेली. काका भराभर खाली उतरले आणि तिथून ओरडले, "येऊ द्या!"

टेबल पहिल्या पायऱ्या नीट उतरलं. काकांना बरं वाटलं. उगाच घाबरलो, असं ते स्वतःशी पुटपुटलेसुद्धा.

मग आवाज आला.

कच्…

एकदाच.

या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. हमालांनी, मिस्त्रींनी. मिस्त्रींना तो आपल्या मागून आल्यासारखा वाटला, म्हणून ते बघायला मागे वळले. पाठ जिन्याकडे झाली.

दोरखंड तुटला. नवा होता, सकाळीच पाकिटातून काढलेला. तरी तुटला. टेबल सुटलं आणि सरळ वळणावर आलं. मिस्त्री भिंत आणि टेबल यांच्या मध्ये सापडले. पितळी पट्टीची कड… खांद्यांच्या रेषेत.

ओरडण्याचा आवाजच आला नाही.

काका वर धावले. हमाल तर बहुतेक पळाले होते. उरलेले चौघे, पाचवे काका. हे आपल्याच्याने हलणार नाही, हे माहीत असूनही सगळ्यांनी हात लावला.

टेबल उचललं गेलं.

अलगद. रिकाम्या खोक्यासारखं. काका म्हणतात, "माझा तर हात वर झेपावला, इतकं ते हलकं झालं होतं. जसं काही… त्याचं काम झालं होतं."

मिस्त्री वाचले. पण मानेखाली काही हलत नाही. तेव्हापासून अंथरुणावर आहेत.

काकांनी काम सोडलं. घर गेलं. आता काका-काकू दोन खोल्यांत भाड्याने राहतात आणि काकूने एका शब्दाने कधी सुनावलं नाही. काका म्हणतात, सुनावलं असतं तर बरं झालं असतं. दुकान दुसऱ्या ठेकेदाराने पुरं केलं, जवळजवळ दुप्पट पैसे घेऊन. टेबल परत तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि त्याच्यापुढे भिंत घातली म्हणे. या वेळी विटांची. आता तिथे गर्दी मावत नाही. सगळे म्हणतात, काय सुंदर केलंय!

काकांनी मला हे सगळं गेल्या महिन्यात सांगितलं. पोलिसांना, मालकीणबाईंना, काकूला, कोणालाच पाठीवरच्या रेघेबद्दल त्यांनी सांगितलेलं नाही.

दर गुरुवारी ते मिस्त्रींकडे जातात. दाढी करून देतात, पेपर वाचून दाखवतात. पहिलं वर्षभर मिस्त्रींनी त्या दिवसाचा विषय काढला नाही. मग एकदा काढला.

"भाऊ, एक विचारू? त्या दिवशी माझ्या पाठीवर काय होतं?"

"धूळ," काका म्हणाले.

"दोनदा झटकलीत ना?"

काकांच्या हातात वस्तरा होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"…हो. दोनदा."

मिस्त्रींनी डोळे मिटले. सुटल्यासारखा श्वास सोडला.

"मग ठीक. मला उगाच वाटत होतं… कारण दुसऱ्या वेळी हात फार गार होता. आणि बोटं मोजल्यासारखी चालली. एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत. तुम्ही तर तेव्हा खालून ओरडत होता ना, 'येऊ द्या' म्हणून."

काकांनी वस्तरा उचलला आणि उरलेली दाढी पुरी केली.

मिस्त्रींनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. फक्त काका निघायला उठले, की ते म्हणतात, "जाता जाता मला जरा कुशीवर वळवा, भाऊ. पाठीवर काही आहे का, तेवढं बघा."

काका त्यांना वळवतात. बघतात.

"काही नाही, मिस्त्री," म्हणतात.

मी काकांना विचारलं, "खरंच काही नसतं?"

ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन हात धुऊ लागले. बराच वेळ धूत होते.