आकड्यापाशी बसलेले थोरले

दिवे गेले तर जाऊ देत; गोष्टीला उजेड लागत नाही. ही हकिकत माझ्या धाकट्या साडूची. तो थापाड्या माणूस नव्हे. उलट त्याच्या तोंडून ती काढून घ्यायला मला वर्ष लागले.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. भुतांच्या कथा मी आयुष्यभर जमवल्या. त्यांतले संतापलेले भूत सरसकट मानगुटीवर बसत नाही. ते बसते जिथे वाट अरुंद होते तिथे. खिंडीत, उतारावर, जिथून प्रत्येकाला जावेच लागते अशा जागी.

“पण साडूकाका तर कॉम्प्युटरवाले! त्यांना कुठली आली खिंड?”

हसून घे. मग ऐक.

जूनमधला शेवटचा शनिवार. साडू संध्याकाळी डबा घेऊन कचेरीत गेला. नर्सिंगच्या प्रवेशाचे अर्ज ज्या वेबसाइटवर भरले जात, तिचे सर्व्हर सांभाळणे हे त्याचे काम. रात्री बाराला मुदत संपणार होती. ज्याचा अर्ज राहिला, त्याचे वर्ष बुडाले.

त्या वेबसाइटच्या माथ्यावर एक आकडा होता, आजवर किती लोक येऊन गेले त्याचा. साहेबांची हौस! कोणी पान उघडले की आकडा एकाने वाढायचा. पण तो लिहिला जाई एकाच ठिकाणी. एकाचे लिहून होईपर्यंत मागच्याने थांबायचे. एरवी हे जाणवत नसे. गर्दीच्या रात्री मात्र हजारो माणसे एका लेखणीपुढे ताटकळत.

हे दुखणे थोरल्यांनी ओळखले होते. थोरले म्हणजे साडूचे वरिष्ठ. आकडा काढा, म्हणून त्यांनी साहेबांना दोनदा विनवले. साहेब म्हणाले, “अहो, आकडा बघूनच तर कामं मिळतात आपल्याला!” गेल्या वर्षी याच रात्री वेबसाइट कोसळली आणि साहेबांनी भर कचेरीत थोरल्यांना निष्काळजी ठरवून घरी बसवले. महिन्याभरात माणूस गेला. छातीत कळ आली, असे लोक म्हणतात. मी त्याला अपमान म्हणतो. आणि आकडा? तो जागच्या जागी! माणूस काढला, आकडा ठेवला. असल्या निर्लज्जपणाला आपल्या भाषेत शब्द पुष्कळ आहेत. तुम्ही लहान आहात म्हणून उच्चारत नाही.

साडूला साहेबांनी बजावलेच होते, “आकड्याला हात लावलास, तर तुझाही थोरला करीन.”

दहाच्या सुमारास पाने उघडेनाशी झाली. साडूने एकेक तपासले. यंत्रांवर ताण नव्हता, मेमरी मोकळी होती. यंत्रे निवांत आणि माणसे खोळंबलेली! घरून साहेबांचा फोन आला, “आणखी यंत्रं जोड!” त्याने जोडली. खोळंबा वाढला. लेखणी एकच, ओढणारे हात तेवढे वाढले.

मग दुसरा फोन आला. थोरल्यांची मुलगी.

“काका, पानच उघडत नाहीये हो. यंदा राहिलं तर आई मला पुढच्या वर्षी नाही शिकवू शकणार.”

“थांब बेटा. बघतो.”

कोण कोणामागे अडले आहे ते दाखवणारी यादी त्याने उघडली. सगळे एकामागे अडले होते. त्या एकाने आकडा धरला होता... आणि सोडत नव्हता.

नाव थोरल्यांचे.

ते खाते वर्षापूर्वीच बंद केलेले. साडूने स्वतः केलेले.

त्याने त्या खात्याची जोडणी तोडली. ती परत आली. पुन्हा तोडली. पुन्हा आली...

यंत्रांचे पंखे मंदावले. एकेक करून थांबले. त्या खोलीत कधीच नसते अशी शांतता पसरली. शेजारी थोरल्यांची रिकामी खुर्ची. तिच्याकडे त्याने पाहिले नाही.

“थोरले...” तो म्हणाला. “राग खरा आहे तुमचा. पण रांगेत साहेब नाहीये. तुमची पोरगी आहे.”

...

“आकडा मी काढतो. करू दे त्याला माझा थोरला.”

...

त्याने आकडा पुसला. नाव यादीत तसेच. मग... नव्हते.

सगळे पंखे एकदम गरजले. रांग वाहू लागली.

साहेबांचा फोन लगेच आला. “आकडा कुठाय? कोणाला विचारून काढलास?”

“ज्यांना तुम्ही विचारायला हवं होतं, त्यांना,” साडू म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी मुलगी कचेरीत आली. अर्ज गेला होता, पण चेहरा पांढराफटक. अर्जाला पालकांची संमती लागते. पालकाच्या मोबाइलवर संदेश जातो, त्याने होकार कळवायचा. घाईत आईऐवजी वडिलांचा जुना नंबर तिच्याकडून गेला. तो बदलायची सोय नव्हती. ती रडत बसली होती... आणि होकार आला.

“काका, बाबांचा फोन कुठे आहे?”

फोन साहेबांच्या कुलूपबंद खणात होता. थोरले जाऊन आठवडा होत नाही तोच माणूस पाठवून त्यांच्या बायकोच्या हातून काढून घेतलेला. कंपनीची मालमत्ता म्हणे! साडूने सगळ्यांदेखत खण उघडायला लावला.

फोन होता. बंद. आत ना बॅटरी, ना सिमकार्ड.



मुलीच्या अर्जावर ती ओळ आजही आहे. पालकांची संमती : मिळाली.