ताई सोडून

सीताबाईंनी मोबाइल शेळीच्या कानाला लावला होता, आणि शेळी अगदी शहाण्यासारखी ऐकत उभी होती.

"बोल की गं चांदे, बोल! साहेब इचारत्यात," सीताबाई म्हणत होत्या.

साहेब म्हणजे इंद्रजित. तो पायरीवर डोक्याला हात लावून बसला होता. नेमक्या त्याच वेळी हर्षालीची स्कूटी दारात थांबली. हर्षाली माकणीची पशुसखी. गावातल्या शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, हे तिचं रोजचं काम. पायाशी लशीचा बर्फाचा डबा, डोक्याला थंडीचा रुमाल, आणि धरणावरचा वारा झोंबून लाल झालेलं नाक. समोरचं दृश्य बघत ती स्कूटीवरून उतरली. मग मोबाइलमधून एक गोड, परीटघडीचा आवाज आला, "कृपया आपल्या पशूची माहिती प्रविष्ट करा."

आणि हर्षाली जी हसत सुटली, ती थांबेचना!

"प्रविष्ट? अहो, आमच्याकडं कुणी असं बोलतं का? सीतामावशीला वाटलं, शेळीच्या कानात काहीतरी घालायचंय!"

दुसरा असता तर रागावला असता. इंद्रजितनं मात्र शर्टाच्या बाहीनं फोन पुसला, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मग ताई, तुम्हीच सांगा ना, कसं विचारायचं?"

ताई! पहिल्याच वाक्याला ताई. हर्षालीला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. वाटायला पुढं तीन आठवडे होते.

इंद्रजित मूळचा कळंबचा. चार वर्षं पुण्यात लोकांना बूट विकणारी आणि घरपोच जेवण देणारी ॲप्स बनवून बनवून तो कंटाळला होता. आता कळंबमध्येच बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत त्यानं स्वतःचं काम सुरू केलं होतं. कधी कापडदुकानाचं ॲप, कधी मंगल कार्यालयाचं. आणि आता हे, बायकांच्या शेळीपालन गटाचं. कुठली शेळी कधी गाभण राहिली, लस कधी द्यायची, हे सगळं मोबाइलनं लक्षात ठेवायचं. पण गटातल्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून हे ॲप बोलणारं हवं होतं. बाईनं सांगायचं, ॲपनं तिचेच शब्द तिला परत ऐकवायचे, आणि बरोबर आहे का ते विचारायचं.

"बोलणारं पायजे, तर आपल्यासारखं बोलणारं पायजे," हर्षाली म्हणाली.

झालं. आवाज द्यायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

हर्षालीच्या घरी खोलीत आवाज घुमतो म्हणून इंद्रजितनं युक्ती काढली. बाजेवर बसलेल्या हर्षालीनं डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि आत फोनमध्ये बोलायचं. तो बाहेर वही घेऊन वाक्यं सांगणार. तिची आई चुलीपाशी भाकरी थापता थापता हे नाटक बघायची आणि पदरात तोंड लपवून हसायची.

"वाक्य सत्तेचाळीस. लस द्यायचा दिवस जवळ आला."

"लस द्यायचा दिस जवळ आलाय बरं का," गोधडी बोलायची.

"'बरं का' वहीत नाहीये, ताई."

"वहीत नसंल. पण 'बरं का' म्हटल्याबिगर कुणी ऐकत न्हाय इथं."

बाहेर पेन वहीवर खरडलं. मग हळूच, "राहू द्या. छान वाटतंय… बरं का."

गोधडीच्या आत हर्षालीचे कान गरम झाले. गोधडी जाड होती म्हणून असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण गोधडी काढल्यावर केस विस्कटलेले असायचे, तो बघायचा, आणि बघून पटकन वहीत तोंड खुपसायचा… तेव्हाही कान गरमच!

तो यायच्या दिवशी ती दोनदा वेणी घालू लागली. तोही कळंबहून येताना तिच्या आईसाठी पेढे, शेळ्यांसाठी सुबाभळीचा पाला असलं काहीबाही आणू लागला. सगळं कसं सुरेख चाललं होतं. फक्त तोंड उघडलं की ताई! पाणी द्या ताई. दमलात का ताई? एकदा तर गोधडी सरकली तेव्हा त्यानं ती अलगद सावरली. दोघांचे हात क्षणभर एकमेकांवर राहिले, आणि तो चाचरत काय म्हणाला? "सॉरी… ताई." हर्षालीला वाटलं, त्या बर्फाच्या डब्यात डोकं घालावं.

शेवटची पाच वाक्यं राहिली, तेव्हा त्याला कळंबला काम निघालं. ती तिनं एकटीनं म्हणायची होती. अगदी शेवटचं होतं, "झालं. ध्यानात ठेवलंय." ते म्हणून तिनं फोन मांडीवर टाकला. तेवढ्यात मोरणीनं, तिच्या लाडक्या काळ्या शेळीनं, गोधडीत तोंड घातलं.

"काय गं मोरणे, संपलं बघ सगळं," हर्षाली तिचं कपाळ खाजवत म्हणाली. "आता कशाला यील तो? चांगला हाय गं. हसतो तर इतका गोड… पण तोंड उघडलं की ताई! मी काय त्याची ताई हाय व्हय? उद्या राखी बांधून घील मेला! आन् मला तर त्याच्याबिगर दिवस गोड लागंना झालाय. कुणाला सांगू? तुलाच सांगते."

मोरणीनं गोधडीचं टोक चघळलं. हर्षालीनं फोन उचलला, बघते तर काय… मघापासून रेकॉर्डिंग चालूच होतं! घाईघाईनं तिनं ते बंद केलं. बंद होताच ते आपोआप आपल्याकडं यायची सोय इंद्रजितनंच केली होती. एरवी माकणीत रेंजसाठी धरणाच्या भिंतीवर चढावं लागतं. त्या दिवशी मात्र मेली कुठून आली कोण जाणे! हिरवी खूण उमटली. पाठवलं.

रविवारी गटाच्या चारशे बायका समाजमंदिरात जमणार होत्या आणि प्रत्येकीच्या फोनवर ते ॲप बसणार होतं. शेवटचं वाक्य तर दर नोंदीला वाजणार! चारशे घरांत तिचा आवाज सांगणार, की मला त्याच्याबिगर दिवस गोड लागंना. हर्षालीनं सहा वेळा फोन लावला. त्यानं उचलला नाही. शनिवारी सकाळी त्याचाच आला.

"हॅलो, हर्षा… अं… ऐका ना, सगळं बसवलंय ॲपमध्ये."

"सगळं ऐकलंत का पण? शेवटचं—"

"शेवटचं ना? ते—" आणि रेंज गेली. आता बरी गेली!

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. रविवारी समाजमंदिरात ती दाराजवळ उभी राहिली, पळून जायला सोपं म्हणून. इंद्रजित पुढं होता. त्यानं एकदाच तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. हर्षालीनं हळूच चपला पायात सरकवल्या.

पहिला मान सीताबाईंचा. त्यांनी फोन तोंडाजवळ धरून हाळी दिली, "माझी चांदी गाभण हाय!"

फोननं त्यांचंच बोलणं परत ऐकवलं. मग हर्षालीचा आवाज आला, "बरोबर हाय का? व्हय म्हणा, न्हायतर न्हाय म्हणा."

"अगं बाई, ही तर आपली हर्षी! व्हय गं माय, व्हय!"

हर्षालीनं डोळे गच्च मिटले. आता…

"झालं. ध्यानात ठेवलंय."

आणि पुढं काही नाही. काहीच नाही! बायकांनी टाळ्या वाजवल्या. हर्षालीनं भिंतीला टेकून इतका मोठा श्वास सोडला, की शेजारच्या बाईनं "बरं न्हाय का गं?" म्हणून विचारलं. बरं? इतकं बरं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बायका चहाकडं वळल्या तशी ती मागच्या लिंबाखाली गेली. तो तिथंच उभा होता, बाहीनं फोन पुसत.

"कापलंत तुम्ही ते," ती खाली बघत म्हणाली.

"ॲपचं तेवढं वाक्य ठेवलं. बाकीचं काढलं."

"मग… बाकीचं कुठंय?"

"माझ्याकडं. ते कुणाला देणार नाही मी." तो फोन पुसतच राहिला. "तुमचे सहा फोन येऊन गेलेले बघितले. पण ते ऐकल्यावर काय बोलावं तेच सुचेना. ॲपमध्ये एक नोंद राहिलीय. तपासून देता?"

तिनं फोन घेतला आणि बटण दाबलं. आतून त्याचा आवाज आला, अडखळत, मध्येच खाकरत.

"हर्षाली… मी ताई म्हणत राहिलो, कारण दुसरं काही म्हणायची छाती झाली नाही. तुमचा आवाज मी दिवसभर ऐकतो, आणि काम संपलं तरी ऐकतच बसतो. मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्ही हो म्हणालात, तर पुढच्या रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी येतो."

आणि लगेच तिचाच आवाज, "बरोबर हाय का? व्हय म्हणा, न्हायतर न्हाय म्हणा."

हर्षालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं नुसतीच जोरजोरात मान हलवली. फोन थोडा थांबला.

"आवाज आला न्हाय," तिच्याच आवाजानं तिला बजावलं. "पुन्हा एकदा सांगा बरं का."

ती रडता रडता हसली. फोनकडं न बघता त्याच्याकडं बघत म्हणाली, "व्हय."

"झालं. ध्यानात ठेवलंय."

इंद्रजित मटकन लिंबाच्या पारावर बसला. शनिवारपासून धरून ठेवलेला जीव त्यानं आत्ता कुठं मोकळा सोडला होता.

"आता… काय म्हणू मी तुम्हाला?"

हर्षालीनं फोन त्याच्या हातात दिला, आणि हात तसाच राहू दिला.

"काहीबी म्हणा," ती म्हणाली. "ताई सोडून."