खुशबूची रात्रीची गोळी

मोबाईल ठेव मोनू. भूमिका, तूही. भूत-बित मी मानत नाही, आधीच सांगून ठेवतो. पण हे माह्या दोस्ताच्या, नागसेनच्या क्वार्टरात झालं, आन् तो तर माह्याहून पक्का. बुद्धविहारात भाषण देणारा, दारावर लिंबू-मिरची दिसली की तोडून फेकणारा मानूस.

मागच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. नागसेन प्लांटातून सुटला आन् तसाच दुर्गले गेला, बायकोच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणाले. त्याची खुशबू भंडाऱ्याची, छत्तीसगढी तिले येत नाही. तरी ह्या क्वार्टरात आल्यापासून रात्री उठून दुसऱ्याच बाईच्या आवाजात ओरडे, "मोला झन बांधव!" म्हंजे, मले बांधू नका. तिचा भाऊ म्हणे, उतई गावाकडे एक बैगा, म्हंजे मांत्रिक आहे, साखळीनं बांधून भूत उतरवते. नागसेननं हात जोडले. "एक महिना मनाच्या डॉक्टरले द्या."

गोळ्या सुरू झाल्या आन् आवाज बंद झाला. पण डॉक्टर म्हणाले होते, गुंगी येईन. खुशबूले गुंगी येतच नव्हती. नागसेनच्या डोक्यात शंकेचा किडा वळवळला. गोळी पोटात जात नाही, तर जाते कुठं? आवाज परत आला तर भाऊ तिले साखळीनं बांधणार होता.

त्या शनिवारी घरी येऊन त्यानं आईले धरलं. "आई, खरं सांग. गोळी लपवून तू तिले बैगाची राख चारून राहिली ना?"

सिंधुताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी कावून असं करीन रे? लेकीसारखी आहे ते मले."

त्याले काही पटलं नाही.

त्याच रात्री त्यानं गोळी खुशबूच्या हातावर ठेवली, पाण्याचा गिलास देल्ला आन् झोपेचं सोंग घेतलं.

खुशबू उठली. दाराजवळच्या कोपऱ्यात गेली. खाली बसली. तळहात पुढं केला...

"घे बाई. तुले तं लोकायनं बांधूनच मारलं. गोळी कोनी देल्लीच नाही."

...

हात मागं आला. रिकामा.

मग गिलास पुढं केला. पाणी... कमी झालं.

नागसेननं लाईट लावला. कोपऱ्यात कोनी नाही. फरशीवर गोळी नाही.

"खुशबू... कोनाले देल्ली?"

तिनं ओठावर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच झोपली ते."

सिंधुताई आवाजानं उठून आली होती. तिनं गिलास उचलून उजेडात धरला, आन् पोराच्या हातात देल्ला.

काठावर ओठाचा काळा, ओला डाग. वास घेतला त्यानं. गुडाखू... इकडच्या बाया दाताले घासतात, तो तंबाखूचा काळा लगदा.

त्या घरात गुडाखू कोनीच घासत नाही.